सुमनमावशीचा रुसलेला हात

सुमनमावशी स्वतःच्या उजव्या हाताला ‘जावईबापू’ म्हणते. काम करत नाही, उशीशिवाय बसत नाही, जरा बोललेलं खपत नाही. दुसरं काय म्हणणार?

इथे गुजरातेत, कोसाडला, आमच्या शेजारी ती एकटी राहते. साड्यांना स्टोन लावते आणि गल्लीला शिस्त. जिन्यावरून पडून खांदा मोडला, दिवाळीनंतर सांधा बदलला. ऑपरेशनात नस ताणली गेली आणि हात खांद्यातून उचलेचना. अख्ख्या गल्लीत पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायचा मान माझा.

“मावशी, नस तुटलेली नाही, सुस्तावलीय. जागी व्हायला महिने लागतील. कदाचित नाहीही होणार.”

“म्हणजे सांधा नवा, वायर जुनी,” मावशी म्हणाली. “आखाजीच्या आत झालं पाहिजे.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खान्देशी लोक गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो, पुढे पुरणाचा मांडा ठेवतो. मांडा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. खांदा नाही तर मांडा नाही. माझी आई म्हणाली, “मी करून देते.” मावशीनं ऐकलंच नाही असं केलं.

फिजिओथेरपीवाली गुजराती मुलगी म्हणायची, “मासी, हाथ ऊंचो करो.”

“मी त कवयशी सांगी राह्यनी,” मावशी अहिराणीत सुनावायची. “आते तू सांगी दख.”

‘मी त्याला केव्हाची सांगतेय, आता तू सांगून बघ’ हे भाषांतर मी केलं नाही.

घरी ती ओला पंचा हातांवर झेलायची. डावा हात नाचायचा, जावईबापू लोंबत. एकदा पंचा उडून दूधवाल्याच्या डोक्यावर बसला. “मांडा फाटला,” मावशीनं त्याला गंभीरपणे सांगितलं.

थंडी सरताना खांद्यावर मुंग्या आल्या. तिनं पेढे वाटले.

“मुंग्यांचे पेढे?” आई म्हणाली.

“जावई बोलायला लागला, बाई.”

मग तो हलला. मग कोपर छातीपर्यंत आलं. आणि आखाजीला, सगळ्या बायका खापराभोवती उभ्या असताना, तो थरथरत वर गेला. मांडा या हातावरून त्या हातावर फिरत पसरला आणि खापरावर सपाट पडला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी तर ग्रॅज्युएट असून शिट्टी मारली.

गेलेल्या नवऱ्याचा विषय निघाला की मावशी फक्त त्याच्या घोरण्याबद्दल बोलायची. बायका जेवायला बसल्यावर मी पाणी आणायला आत गेले, तेव्हा ती घागरीपुढे बसून उजव्या हातानं मांड्यावर तूप सोडत होती.

“यंदा जरा जाड झाया,” ती हळूच म्हणत होती. “गोड मानी ल्या.”