खांबासकट तयार जागा

तंबू कुठे ठोकावा, हे नगर जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! निदान सहलीच्या मोटरीत मी मुलांना तसं सांगत होतो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून आमच्या शाळेची मोटर कोळशावर चालायची. म्हणजे चढ आला की आम्ही उतरून ढकलायची!

काष्टीच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध मला ती जागा दिसली. अहाहा! ताटासारखी सपाट, शेणाने गुळगुळीत सारवलेली. आणि मध्ये चक्क एक खांब!

"गुरुजी," मोटर चालवणारा कृपादान म्हणाला, "ही जागा कुणीतरी मुद्दाम केलेली दिसते."

"अर्थात! देवाने!" असं म्हणून मी मुलांकडून आभाराची प्रार्थनाच म्हणवून घेतली.

मग धडा सुरू झाला. खांबावरून कापड टाकलं. चहूबाजूंनी मेखा ठोकल्या. चुलीसाठी खड्डा खणला.

"आणि पाऊस आला तर?"

"भोवती चर खणायचा, गुरुजी!" पोरं ओरडली. काय सुबक चर खणला म्हणता!

इतक्यात ज्वारीच्या कणसांनी भरलेली गाडी आली. गाडीवरचा शेतकरी, भिमाजी, उतरला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला.

"आरं, माझं खळं!"

"खळं?" माझा आवाज चिरकला.

"मग काय, लगीनमांडव वाटला व्हय? मळणीला पाव्हन्याचं बैल उद्याच्यापुरतं मिळाल्यात! ह्या चरात त्येंचं पाय मोडतील. कनसं काय तुमच्या डोस्क्यावर बडवू?"

"नगं," त्याची बायको लंकाबाई म्हणाली, "त्ये पोकळ वाटतंय. फुटायचं."

"बाई, चर पावसासाठी होता..."

"शिमग्यात?"

मी मेखा उपटायला लागलो. सकाळपर्यंत चर बुजवून, सारवून खळं वाळायला हवं होतं. लंकाबाईने पदर खोचला आणि माझा वर्ग ताब्यात घेतला. पोरांनी माती आणली, नाचून नाचून चोपली, शेण कालवलं. मीही एक कोपरा घेतला.

"ह्यो कोपरा कुनी सारवला? म्हैस लोळल्यागत दिसतोय!"

शेणाने माखलेली सगळी बोटं माझ्याकडे वळली.

आमच्या सारा नावाच्या चिमुरडीने माझं मनगट धरलं. "गुरुजी, हात असा फिरवा. घाई नाही. सगळ्यांना एकदम जमत नसतं."

शेवटी लंकाबाई म्हणाली, "चालंल." मग तिनेच भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. इतकं गोड जेवण मी कधी जेवलो नाही!

सकाळी कणसं पसरली, खांबाभोवती बैल फिरू लागले. दाण्यांत पडायच्या आधी त्यांचं शेण हातावर झेलायचं काम साराला मिळालं होतं. बैल माझ्या कोपऱ्याकडे आले. सगळ्यांनी श्वास रोखला. पाय पडला... आणि जमीन खचली नाही! भिमाजी हसला, लंकाबाई हसली.

आनंदाने सारा धावत आली आणि "शाबास, गुरुजी!" म्हणत तिने माझी पाठ थोपटली.

दोन्ही हातांनी!