सात नंबर मारका आहे

शनिवार, बारा जुलै. सार्वजनिक वाचनालय, संगणक खोली. सकाळी साडेनऊ.

हजर: मी, म्हणजे वाचनालयाची चिटणीस, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका वळवी मॅडम, नर्सिंगच्या प्रवेशाचे अर्ज भरायला आलेल्या अकरा मुली, सुकलाल जिभाऊ. संगणक सात, पैकी कामाचा एक. स्कॅनर एक, जागेवर आहे, पण ओळख देत नाही. अर्जाची मुदत आजच संपते आणि मुलींना साडेसहाच्या आत वसतिगृहात पोचायचे आहे.

मी सगळ्या गोष्टींची नोंद अशीच ठेवते. घरी किराण्याची यादी, इथे कामांची यादी. पण वरच्या नोंदीत एक गोष्ट मी त्या दिवशी लिहिली नव्हती. सातपैकी पाच संगणक मी स्वतः बिघडवले होते. ते कसे, हे सांगायचे तर आधी जिभाऊ सांगावे लागतील.

जिभाऊ रोज सकाळी खोलीत आले की चपला दाराशी काढतात आणि एकेका संगणकाच्या कुशीला उलटा हात लावत जातात. ताप बघतात. एखादा जास्त गरम लागला तर त्याच्याकडे पाठ करून मला हळू आवाजात सांगतात, जसे काही त्याने ऐकू नये. मग खडूने पाटीवर त्याचा नंबर लिहितात. त्या दिवशी त्या संगणकाला 'आराम'.

कळसाडीच्या पुढचे आमचे गाव. जिभाऊंनी आयुष्यभर साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजला. रोज सकाळी पहिली गाडी घेण्याआधी ठरलेले वजन ठेवून काटा तपासायचे. मागे पन्नास गाड्या हॉर्न वाजवत असल्या तरी. निवृत्तीनंतर त्यांना असेच काहीतरी तपासायला हवे होते. त्याच सुमाराला नाशिकच्या एका बंद पडलेल्या कचेरीतले सात जुने संगणक वाचनालयाला मिळाले. त्यांच्यावर विकतची प्रणाली चालेना, म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांनी लिनक्स घालून दिले. हलके, फुकट आणि खरोखर चांगले. खोड एकच. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आधीची रुळते न रुळते तोच तिच्या दुरुस्त्या बंद होतात आणि पडद्यावर निरोप झळकू लागतो, की नवी घ्या. नवी घेतली की कधी आवाज जातो, कधी छपाई जाते, कधी मराठी टंकलेखनाचा कळफलकच जागा बदलतो.

बाकी कोणी असता तर वैतागला असता. जिभाऊ घाबरतात. आणि घाबरणारा माणूस नियम करतो.

त्यांचा नियम गोठ्यातला आहे. बाजारातून नवा बैल आणला की आपल्याकडे तो लगेच दावणीला बांधत नाहीत. काही दिवस वेगळा ठेवतात. काय रोग घेऊन आला आहे, मारतो का, चारा खातो का, हे कळेपर्यंत बाकीच्यांत सोडत नाहीत. "नवा बैल उना का लगेच दावणले बांधतस का, ताई?" असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारले होते. म्हणून नवी आवृत्ती आधी फक्त एक नंबरवर. त्या संगणकाला ते पाहुणा म्हणतात. चाळीस दिवस तो वेगळ्या टेबलावर, आणि त्याची एक वही. मी ती एकदा उघडली होती. 'दिवस तिसरा: उठला, आवाज नाही. दिवस पाचवा: आवाज आला. पाणी पितो.' पाणी पितो म्हणजे काय, हे मी विचारले नाही आणि वही मिटली. तिथेच चुकले.

मी म्हणायचे, जिभाऊ, एवढी मोठी माणसे हे तयार करतात, तपासून देत असतीलच की. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले. "तपासतस ना. पन त्यास्ना गोठामा आपला बैल नही ना."

नवी आवृत्ती चढत असताना वीज जाऊ नये म्हणून ते खोलीतले पंखे बंद करवतात, इन्व्हर्टरवर ओझे नको म्हणून. जुन्या आवृत्त्यांचे पेन ड्राइव्ह मिश्रीच्या पत्र्याच्या डबीत ठेवतात. डबी त्यांच्या बायकोची, कमलबाईंची. पेन ड्राइव्ह हातात घेतला की तंबाखूचा वास येतो.

कमलबाई दोन वर्षांपासून सुरतेला मुलाकडे आहेत. सून नोकरी करते, नातू लहान. जिभाऊही गेले होते, आठ दिवसांत परत आले. सातव्या मजल्यावर वारा लागतो पण माणूस लागत नाही, म्हणाले.

राहिला सात नंबर. खिडकीजवळचा, कॅमेरा लावलेला. त्याच्यावर जिभाऊंनी पुठ्ठा टांगला होता: 'मारका आहे. जवळ जाऊ नये.' तो तीन आवृत्त्या मागे होता. त्याला कोणी नवीन काही लावायचे नाही, पेन ड्राइव्ह टोचायचा नाही, शेजारी चहा ठेवायचा नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला, वाचक गेले की जिभाऊ दार लोटून घेत आणि पंधरा मिनिटे त्याची तपासणी करत. मी एकदा मदतीला येऊ का म्हटले तर म्हणाले, "मारकाले येखलानीच सांभाळना पडस." मी माझ्या यादीत त्याच्यापुढे 'जिभाऊ पाहतात' असे लिहून टाकले.

आता माझी चूक.

गुरुवारी जिभाऊ खांडबाऱ्याला साडूंच्या दशक्रियेला गेले. माझ्या यादीत 'क्र. ९: नवी आवृत्ती, पाच संगणक' ही ओळ चार आठवडे 'बाकी' होती. यादीत बाकी दिसली की मला दातात काहीतरी अडकल्यासारखे होते. पाहुण्याचे अठ्ठावीस दिवस झाले होते, तो बरा दिसत होता. मी दोन ते सहा अशी पाचही नंबरांची बटणे दाबली, चहा पिऊन आले, पाचही संगणक हसतमुखाने उठले. मी क्र. ९ पुढे 'झाले' लिहिले. शुक्रवारी वाचनालयाला सुट्टी. त्याच दिवशी मोलगीकडच्या त्या अकरा मुलींचे दाखले एकदाचे हातात पडले, आणि शनिवारी सकाळी वळवी मॅडम त्यांना घेऊन आल्या. अर्ज आधीच भरलेले होते. फक्त दाखले स्कॅन करून जोडायचे होते.

दोन नंबर आणि पाच नंबर काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकवत बसले. तीन, चार आणि सहा चालू झाले, पण स्कॅनर त्यांना दिसेना. शहाद्याच्या सेवा केंद्रात वळवी मॅडमनी फोन लावला. तिथे सकाळी सातपासून रांग होती. अकरा मुली भिंतीशी ओळीने बसल्या होत्या, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत दाखले. ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते.

जिभाऊ आले. चपला काढल्या. एकेकाला उलटा हात लावत गेले आणि पाच नंबरपाशी थांबले.

"वही वाची व्हती का, ताई?"

मी नाही म्हटले. त्यांनी पाहुण्याची वही आणून माझ्यापुढे उघडली. 'दिवस नववा: स्कॅनरला ओळखत नाही. प्राध्यापकांना कळवले. दावणीत सोडू नये.' खाली दोन रेघा ओढलेल्या. मी, जिने आयुष्यभर याद्या केल्या, दुसऱ्याची यादी वाचली नव्हती.

ते सात नंबरपाशी गेले, पुठ्ठा काढला, घडी करून खिशात घातला आणि वळवी मॅडमना म्हणाले, "पोरीस्ले आठे बसाडा."

जुनी आवृत्ती सात नंबरवर होती, म्हणून स्कॅनर तिथे लगेच बोलू लागला. पण संकेतस्थळावर त्या दिवशी सगळा जिल्हा लोटला असावा. एका अर्जाला कधी पाव तास, कधी पूर्ण तास. मी नावांची यादी केली, वेळा लिहू लागले. जिभाऊ कोपऱ्यात मिश्रीची डबी उघडून बसले आणि दोन नंबरवर जुनी आवृत्ती परत चढवू लागले. मला पंखे बंद करावे लागतील का असे विचारावेसे वाटत होते, पण धीर झाला नाही. त्यांनी स्वतःच उठून पंखे बंद केले. घाम पुसत, एक डोळा विजेवर ठेवून आम्ही सगळे बसलो. दुपारी एकला तीन अर्ज झाले होते. चारला सात. पाचला आठ.

सव्वापाचपासून जिभाऊंचे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागले. मला वाटले, मुदतीची काळजी. पाच पंचवीसला ते माझ्याजवळ आले. "ताई, साडेपाचले माले धा मिनिट..." एवढे म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिले. निर्मला वसावेचे पाचपैकी चार दाखले चढले होते, पाचव्याचे चक्र फिरत होते. मध्येच पान बंद केले तर पुन्हा पहिल्यापासून. "ऱ्हाऊ द्या," असे म्हणून ते परत कोपऱ्यात गेले आणि पाठ करून बसले.

साडेपाचला सात नंबर वाजू लागला. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली, हिरवे बटण उड्या मारू लागले. निर्मलाला वाटले अर्जाचेच काहीतरी आहे. तिने बटण दाबले.

पडदाभर कमलबाईंचा चेहरा आला. एकदम जवळ, कपाळ आणि चष्मा.

"कोन वं माय तू?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "त्या कोठे शेतस?" त्या म्हणजे जिभाऊ.

निर्मला दचकून मागे सरकली. मागे वळवी मॅडम, मी, भिंतीशी मुली. इतकी माणसे त्या खुर्चीभोवती बाईंनी कधी पाहिली नसणार. त्यांचा चेहरा पाहता पाहता बदलला. "काय व्हयनं त्यास्ले? दवाखानामा लई ग्यात का?"

आजी, ते इथेच आहेत, असे निर्मला ओरडून सांगत होती. बाई मान हलवत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हते. "आयकू येत नही माले माय. लिखीसन सांग."

जिभाऊ डबी सांडून धावले. पेन ड्राइव्ह फरशीवर विखुरले. त्यांनी निर्मलाच्या खांद्यावरून वाकून आधी तोंड कॅमेऱ्यापुढे नेले, मग दोन बोटांनी टंकलेखन सुरू केले. अक्षरे अंगठ्याएवढी मोठी उमटत होती.

'आठेच शे. जेवनू. काळजी करू नको.'

बाईंनी ते बोटाने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले. याच खोलीत, संगणक यायच्या आधी, प्रौढांच्या वर्गात त्या अक्षरे गिरवायला बसायच्या. हजेरी मीच घ्यायची. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मंग तोंड दखाडाले काय व्हयनं व्हतं?" आणि चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

नंतर त्यांनी विचारले, या मुली कोणाच्या. जिभाऊंनी लिहिले, 'नर्स व्हतीन. अर्ज भरी ऱ्हायन्यात.'

"मंग पयले त्यास्नं करा," बाई म्हणाल्या. "मी बठस आठेच."

आणि त्या खरेच बसल्या. जिभाऊंनी त्यांची चौकट लहान करून पडद्याच्या कोपऱ्यात लावली. निर्मलाचा पाचवा दाखला चढला, मग उरलेल्या दोघींचे. सुरतेच्या स्वयंपाकघरात बाई ताटात तांदूळ घेऊन निवडत होत्या आणि दर थोड्या वेळाने चष्म्यावरून आमच्याकडे बघत होत्या. सहा वाजून दहा मिनिटांनी अकरावा अर्ज गेला. मुलींनी कोपऱ्यातल्या चौकटीला हात हलवला. वळवी मॅडम त्यांना घेऊन जवळजवळ पळतच निघाल्या.

पेन ड्राइव्ह वेचताना जिभाऊ आपणहून बोलले. बाईंचे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही. मोबाइलवरची अक्षरे त्यांना लावता येत नाहीत. मागच्या वर्षी सात नंबरवर नवी आवृत्ती घातली तेव्हा कॅमेरा गेला आणि मोठी अक्षरेही गेली. मुलगा रोज सांगत होता, बाबा बरे आहेत. बाईंना वाटले, आपल्यापासून काहीतरी लपवतात. नवव्या दिवशी त्या कोणाला न सांगता निघाल्या. ऐकू न येणारी बाई, सुरतेहून एसटीने, नवापूरला गाडी बदलून. कोणत्या गाडीत बसायचे ते लोकांकडून कागदावर लिहून घेत आल्या. जिभाऊ ओट्यावर चहा पीत बसलेले. बाईंनी त्यांना आधी डोळे भरून पाहिले आणि मग हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली.

"तवयपाईन सात नंबर मारका शे," जिभाऊ म्हणाले. नंतर त्यांनी प्राध्यापकांकडून जुनी आवृत्ती मागवून परत घातली होती.

आता दोन ते सहा नंबर जुन्यावर आहेत आणि ठीक आहेत. पाहुण्याची वही मी रोज वाचते, खाली सही करते. पाणी पितो म्हणजे वीज नीट घेतो, हे विचारून घेतले. पण प्राध्यापक सांगतात, सात नंबरच्या आवृत्तीला आता कोणतीच दुरुस्ती मिळत नाही. एक दिवस ती चौकट उघडायची थांबेल, आणि कोणता दिवस ते आधी कळणार नाही. त्यांनी सुचवले तसे आम्ही नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवरूनच, आत काही न घालता चालवून पाहिली. कॅमेरा दिसला. आवाज आला. अक्षरे अंगठ्याएवढी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले तर कॅमेरा दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिसला.

दर सोमवारी मी यादी घेऊन जिभाऊंपुढे उभी राहते. ते सात नंबरच्या कुशीला उलटा हात लावतात, बराच वेळ काढत नाहीत.

"करूत, ताई. आज नको."

क्र. ९: सात नंबर, नवी आवृत्ती. बाकी.