आठची होडी

छापलेली माहिती कधी चुकत नाही. चुकतो तो प्रदेश. सान पेलायो या आमच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या पर्यटक माहिती कक्षात अकरा वर्षं लेखनिकी केल्यावर हे मी जबाबदारीने सांगू शकतो.

आमच्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी चोवीस पानांची माहितीपुस्तिका मीच लिहिली. पाहुण्याला लागेल ते सगळं तिच्यात आहे. पाणी बाटलीतलंच प्यावं (आम्ही विहिरीचं पितो; पण आम्ही कुठून आलेलो नसल्यामुळे ते आम्हाला बाधत नाही). चर्चमध्ये गुडघे झाकावेत. डासांपासून जपावं. वादळाची सूचना मिळाल्यास हॉटेलच्या वरच्या मजल्यावर जावं (ज्यांच्या घराला वरचा मजलाच नाही ते पाहुणे नव्हेत, सबब त्यांचा विचार पुस्तिकेत केलेला नाही).

अडलं ते चौदाव्या पानावर. समोरच्या बातुहान बेटावर जाणाऱ्या होडीची वेळ लिहायची होती. होडी तेओफिस्ताची. दोन्ही अंगांना तोल सांभाळणारी बांबूची उलांडी, मध्ये वीस माणसं, चार-दोन कोंबड्या आणि बर्फाची पेटी. भरली की सुटते, हे तीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. मी रकान्यात ‘भरल्यावर’ असं लिहिलं. आमचे पर्यटन अधिकारी अनाक्लेतो सर यांनी ते खोडलं. ‘भरल्यावर’ ही वेळ नव्हे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बिनतोड होतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आठ वाजले होते. पुस्तिकेत आठ छापले गेले.

पाच हजार प्रती आल्या. तिसऱ्या आठवड्यात पहिली तक्रार आली: चार पानी, अत्यंत सभ्य, सोबत घड्याळाचे सहा फोटो. होडी नऊ बेचाळीसला सुटली होती. आता पाच हजार प्रती दुरुस्त करायच्या की एक होडी, असा पेच सरांपुढे होता. कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं तेच त्यांनी केलं. तेओफिस्ताला बोलावणं गेलं.

ती ओल्या पायांनी आली आणि फरशी खराब होईल म्हणून दारातच उभी राहिली.

“सर, आठला कोण येणार? बेटावरच्या बायकांची मासळी इथल्या बाजारात नऊशिवाय खपत नाही.”

“पाहुणे येतील.”

“आणि बायका?”

“त्यांनी पुस्तिका पाहावी,” सर म्हणाले.

(पुस्तिका फक्त पाहुण्यांना मिळते. पण सूचना म्हणून ती निर्दोष होती.)

दुसऱ्या दिवसापासून होडी आठला सुटू लागली. पहिल्या महिन्याचा अहवाल मीच केला: वक्तशीरपणा शंभर टक्के, प्रवासी सरासरी तीन. बातुहानच्या बायका रिकाम्या टोपल्या उपड्या घालून धक्क्यावर बसायच्या, दुपारी एकच्या खेपेपर्यंत. तेओफिस्ता त्यांना सांगायची, आता तुम्ही नाही बाई, घड्याळ माझं गिऱ्हाईक. वेळेची नोंद ठेवायला सरांनी मला रोज होडीत बसवलं. नोंदवहीत दोन रकाने होते: ठरलेली वेळ आणि सुटण्याची वेळ.

एका मंगळवारी होडीत मी होतो आणि एक परदेशी जोडपं. आठला पाच मिनिटं असताना तेओफिस्ताचा फोन वाजला. सरकारी सुईण एउफेमिया बोलत होती. बेटावरच्या मार्सेलिनाला पहाटेपासून कळा लागल्या होत्या, पहिलंच बाळंतपण. आणि एउफेमियाची मोटारसायकल डोंगरातून खाली उतरत होती. थांब, येतेच, एवढंच ती म्हणाली. पूर्वी एवढंही म्हणावं लागत नसे.

आठ वाजले. माझं काम म्हणून मी तेओफिस्ताला तसं सांगितलं.

“दिसतंय मला,” ती म्हणाली आणि इंजिन बंद करून बसली.

पाच मिनिटांनी जोडप्यातल्या पुरुषाने मला चौदावं पान उघडून दाखवलं. मी मान डोलावली. मजकूर माझाच होता. का थांबलोय हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाई घड्याळाचा फोटो काढत होती.

शेवटी एउफेमिया धक्क्यावरून धावत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. मी वेळ लिहिली: आठ बावीस.

बेटावर उतरल्यावर ती जोडप्याच्याही पुढे पळाली. मी मार्सेलिनाच्या घरासमोर फणसाखाली उभा राहिलो, नोंदवही छातीशी धरून. आतून बराच वेळ नुसते बायकांचे आवाज येत होते. मग पोर रडलं. एउफेमिया हात धुवायला बाहेर आली. नाळेचे दोन वेढे गळ्याला होते, म्हणाली. एकच्या खेपेने आले असते तर नुसती हात जोडायलाच आले असते.

आठवड्याने तक्रार आली. ‘बावीस मिनिटं विलंब, कोणतंही कारण नाही.’ पुरावा म्हणून माझी नोंदवही होतीच, आणि ती तक्रारीशी मिनिटामिनिटाने जुळत होती. बाळंतपण होतं, असं मी सरांना हळूच सांगून पाहिलं. नोंदवहीत तसं आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं. तेओफिस्ताचा परवाना महिनाभरासाठी स्थगित झाला. तो महिना होडीच नव्हती, त्यामुळे विलंब शून्य झाला आणि सरांना वर कळवायला चांगला आकडा मिळाला.

परवान्याचा कागद जमा करायला ती आली तेव्हा कक्षात मी एकटाच होतो. काहीतरी ऐकवील असं वाटलं होतं. तिने कागद टेबलावर ठेवला, त्याची घडी सरळ केली.

“तू तर होडीतच होतास रे,” एवढंच म्हणाली आणि गेली.

एव्हाना तुम्हाला त्या जोडप्याचा राग आला असेल, आणि थोडा माझाही. तो रास्त आहे. मी तसा शेरा नोंदवून घेतो. फक्त एक माहिती हवी होती. मागच्या सुट्टीत तुमची बस एका फाट्यावर पंचवीस मिनिटं उभी होती आणि तुम्ही उतरून चालकाला चार शब्द सुनावलेत. तो कुणासाठी थांबला होता?