भंडारा लागलेल्या माश्या

बांधावरच्या बाभळीखाली मेलेल्या मधमाश्यांचा ढीग दिसला, तेव्हा सिंधुबाईनं आधी डोळ्याला पदर लावला आणि मग तोच पदर कमरेला खोचला. रडणं आणि भांडणं ही दोन्ही कामं तिला एकाच पदरात उरकता यायची.

माश्या तिच्याच होत्या. मालक गेल्यापासून पिंपळीतली डाळिंबाची छोटी बाग तिनं एकटीनं जगवली होती, पण दरसाल फुलं यायची आणि गळून जायची. माश्या फुलांवर फिरल्या की फळ धरतं, असं ऐकून बारामतीला जाऊन ती मधमाश्या पाळायला शिकून आली, दोन पेट्या आणल्या आणि तेव्हापासून माश्यांची आई असल्यासारखी बोलायला लागली. "माझ्या पोरी घरंदाज हायेत. डाळिंबाच्या फुलाशिवाय कशाला तोंड लावायच्या न्हाईत," हे तिनं दूधवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

आणि आता त्या घरंदाज पोरी बाभळीखाली पडलेल्या. तिनं एक उचलली, ती बोटाला चिकटली. दुसरी उचलली, तीही चिकटली.

"योगिनी!" तिनं सुनेला हाक मारली. "हात लावून बघ. स्टिकर घालून औषध मारलंय मेल्यानं!"

फवारलेलं औषध पानावर टिकून राहावं म्हणून त्यात स्टिकर नावाचं चिकट पाणी मिसळतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. बांधापलीकडं हिंदुरावाचं कलिंगड होतं. कलिंगड आलं म्हणजे फवारणी आली. सिंधुबाईच्या डोक्यात खटला उभा राहिला आणि निकालही लागला.

"पण आत्या, औषधाचा वास न्हाय येत. तुमी वास घेऊन बघा की."

"सासूला इषाचा वास घ्यायला लावतीस व्हय गं?"

योगिनीनं हातातली माशी परत ढिगावर ठेवली.

हिंदुराव नात्यानं दीर आणि स्वभावानं गरीब. कलिंगडाच्या पलीकडं ओढ्याकाठी त्याचं गुऱ्हाळ होतं. सिंधुबाई बांधावरूनच सुरू झाली.

"हिंदुराव! किती मारलंस रं औषध?"

"वैनी, फवारा खोपीत टांगलाय. मी मारलंच न्हाय."

"मग माशा काय हसून हसून मेल्या?"

हिंदुराव काहीतरी बोलणार होता. त्यानं एकदा गुऱ्हाळाकडं बघितलं, एकदा वहिनीकडं, आणि उघडलेलं तोंड परत मिटलं. सिंधुबाईला तेवढं पुरलं.

"रविवारी देवळात ये. भंडारा उचल!"

खंडोबापुढचा हळदीचा भंडारा मुठीत घेऊन खोटं बोलायची छाती या भागात कुणाची होत नाही. रविवारी सगळ्या आळीसमोर हिंदुरावानं भंडारा उचलला. "मी औषध मारलं न्हाय," म्हणाला. पण म्हणताना त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"खाली बघतोय बघा! देवाच्या डोळ्याला डोळा देईना," सिंधुबाई म्हणाली.

तेवढ्यावर गावात कुजबुज सुरू झाली. चैत्रातल्या जत्रेच्या नैवेद्याला गूळ हिंदुरावाच्या बापापासून त्यांच्याच गुऱ्हाळातून जायचा. यंदा हिंदुराव विचारायला गेला, तर जत्रेचं बघणारे आबाजी छताकडं बघत म्हणाले, "बघू." आबाजींच्या 'बघू'नंतर आजवर कुणी काही बघितलेलं नव्हतं. हिंदुराव मुकाट्यानं परत आला. सिंधुबाईला हे कळलं तेव्हा तिला बरं वाटलं. मग हळूच वाईट वाटलं. मग तिनं मेलेल्या माश्या आठवल्या आणि परत बरं वाटून घेतलं.

पुढं मध निघाला. रंग जरा काळपट होता. "डाळिंबाचा असाच असतोय," असं सिंधुबाईनं स्वतःच ठरवून टाकलं. पहिला मान देवाचा म्हणून घरात कुणाला बोट लावू दिलं नाही. रविवारी सकाळी तिनं दोन्ही पेट्यांची पूजा केली, तोंडाशी ये-जा करणाऱ्या माश्यांवर मूठभर भंडारा उधळला आणि बाटली घेऊन देवळात गेली. देवापुढं वाटी ठेवून झाल्यावर जमलेल्या सगळ्यांच्या हातावर थेंब थेंब वाढला. लोकांनी चाटला, एकमेकांकडं बघितलं. "ब्येस हाय," म्हणाले. आबाजींनी मात्र मिटक्या मारत सगळा तळहात चाटून घेतला.

"सिंधू, काकवी लई झ्याक झालीया. कुणाच्या गुऱ्हाळाची गं?"

"आबा, काकवी न्हाय! मध हाय!"

"असंल बाई. पण थोडी भाकरीसंगं पायजे होती."

देवळातून बाहेर पडल्यावर सिंधुबाईनं बाटलीत बोट बुडवून तोंडात घातलं. ती तिथंच चपला शोधत असल्यासारखी उभी राहिली. चपला पायातच होत्या.

घरी न जाता ती तडक ओढ्याकडं गेली. गुऱ्हाळाच्या चारी बाजूंना हिंदुरावानं बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या होत्या. एक साडी बाजूला सारून तिनं आत डोकावलं. मोठ्या कढईत उसाचा रस खदखदत होता. हिंदुराव लांब दांड्याची गाळणी घेऊन कढईभोवती फिरत होता आणि कडेला बसलेल्या माश्या एकेक करून उचलत होता. मेलेल्या डब्यात टाकायचा. जित्या असतील त्या उसाच्या पाचटावर वाळत ठेवायचा.

पाचटावरल्या माश्या पिवळ्याधमक होत्या. त्यांच्या अंगावर सकाळचाच भंडारा होता.

सिंधुबाईला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. निदान बाजूच्या चिपाडाच्या ढिगानं तरी.

"भावजी..." तिच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. काही आठवड्यांमागं गमावलेला दीर असा अचानक परत मिळाला.

हिंदुराव दचकला. गाळणी पाठीमागं लपवत म्हणाला, "वैनी, तुमच्या न्हाईत ह्या. दुसऱ्या कुणाच्या तरी असतील."

"भंडारा मीच टाकलाय त्यांच्या अंगावर. बाभळीखाली पण ह्याच व्हत्या ना? पाकात बुडालेल्या?"

हिंदुरावानं मान हलवली. "तितं टाकायला नको व्हत्या. पण हितं ठिवल्या तर गिऱ्हाईक म्हणंल, गुळात माशा हायेत. त्यात माझी पण लबाडीच झाली."

"तवाच का न्हाय बोललास रं? देवळात मान खाली घातलीस, मी काय काय बोलले!"

"कसं बोलू, वैनी? तुमी गावभर सांगितलेलं, पोरी घरंदाज हायेत, फुलाशिवाय कशाला तोंड लावत न्हाईत. आता सगळ्या आळीत मी म्हणू, त्या दिसभर माझ्या कढईवर पडीक असत्यात म्हणून? लेकीबाळींचं नाव घालवायचं का?"

त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर सिंधुबाईला बरं झालं असतं. तशी तयारी करूनच ती आली होती. ही असली माया घेऊन आता जायचं कुठं?

पुढच्या रविवारी भंडारा तिनं उचलला. बोलायचं सगळं घरी योगिनीपुढं घोकून घेतलं होतं, पण आळी समोर दिसल्यावर एवढंच आलं, "औषध न्हवतं. माझ्याच पोरी गूळ चोरत व्हत्या. भावजींचं काय चुकलं न्हाय. मी चुकले." आणि बोलताना तिनं मान खाली घातली ती वर केली नाही. खाली बघणाऱ्याला काय वाटतं, ते तिला फरशीकडं बघताना नीट कळलं.

"मग जत्रेचा गूळ?" मागून कुणीतरी विचारलं.

"हिंदुरावाचाच. आणि तिची काकवी पण घ्या थोडी," आबाजी म्हणाले. देवळात हशा पिकला. सिंधुबाईनं तोही मुकाट्यानं पदरात घेतला.

डाळिंबाची फुलं त्याही साली गळाली. माश्या बागेत असत्या तर ना! मात्र जत्रेच्या आधी एका सकाळी हिंदुराव दारात आला. त्याच्या काखेत शेवग्याच्या शेंगांची मोळी होती.

"गुऱ्हाळापाशी शेवगा हाय न्हवं का, वैनी? कधी शेंग धरत नव्हता. तोडायला काढला व्हता मी. ह्या साली फांद्या वाकल्यात. येता-जाता तुमच्या पोरींनीच केलंय हे. म्हणून पयला वाणवळा तुमाला."

 तो गेल्यावर सिंधुबाई शेंगा मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली.

आतून योगिनीचा आवाज आला, "आत्या, आमटीला फोडणी दिलीया. पण गूळ संपलाय. काकांच्या गुऱ्हाळावरनं आणू का?"

"नको, नको! आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जातीस?" सिंधुबाई चटकन उठली आणि फळीवरची बाटली काढून सुनेच्या हातात देत, दुसरीकडं बघत म्हणाली, "ह्यातलं घाल चमचाभर. त्यांच्याच कढईतलं हाय."