परीक्षेपुरती शांतता

"कुकर आज लावायचा नाही," योगराजने सकाळीच जाहीर केलं. "शिट्टी वाजली की पोरगी बाद."

"मग खायचं काय?" त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी विचारलं.

"केळी आहेत ना. सालं काढताना आवाज होत नाही."

योगराज पाटील अमळनेरच्या एका जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होता. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्याची कुजबुजसुद्धा चार घरं ऐकू जाई. आज मात्र त्याने गल्लीभर शांतता ठेवण्याचा विडा उचलला होता.

कारणही तसंच होतं. त्याची मुलगी मोहिनी धुळ्याला वकिलीच्या चौथ्या वर्षाला होती. मुंबईच्या लॉ फर्ममध्ये उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळावी म्हणून तिने वर्षभर अर्ज धाडले होते. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. ज्यांचं आलं, त्यांनी इतक्या गोड भाषेत लिहिलं होतं, की नकार आहे हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नसे. एकदा तर योगराजने निम्मं पत्र वाचून पेढे आणले होते. शेवटी तीन आडनावांच्या एका मोठ्या फर्मने ऑनलाइन परीक्षेला बोलावलं. एवढी एकच संधी उरली होती, कारण बाकी सगळ्यांच्या तारखा संपल्या होत्या.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर द्यायची होती. पण नियम कडक होते. कॅमेरा आणि माइक सुरू, खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, नजर स्क्रीनवरून हलायला नको. काही गडबड झाली की इशारा. तिसऱ्या इशाऱ्याला परीक्षा आपोआप बंद.

घरातला सर्वांत मोठा धोका म्हणजे सुपडू आबा. हे योगराजचे वडील. रोज ओट्यावर पेपर घेऊन बसायचे आणि दर बातमीला खोकायचे. योगराजने त्यांना पहाटेच मोटारसायकलवर बसवून नदीपलीकडच्या मित्राच्या मळ्यात सोडलं.

"मन्हा घरमा मालेच बंदी?" आबा अहिराणीत फणकारले.

"दुपारपर्यंतच हो, आबा. नातीसाठी."

या धांदलीत आबांचा मोबाइल घरीच राहिला. तो वाजेल म्हणून योगराजने बंद करून कपाटात टाकला. मग घंटीची वायर काढली. सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या. शेजारच्या हस्तीमल शेठना हात जोडून दुकानाचं शटर उघडू नका म्हणून विनवलं. शेठ भला माणूस. दुकान बंदच ठेवून ते कुटुंबासह प्रवचनाला निघून गेले. एवढं करून योगराज धुतलेला पांढरा सदरा-पायजमा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर बसला.

तेवढ्यात भटू दूधवाला आला. योगराजने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. भटूने सायकलवरून उतरून इकडेतिकडे पाहिलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. हस्तीमल शेठचं दुकान रविवारच्या गिऱ्हाइकाच्या वेळेला बंद. स्वयंपाकघरातून ना वास, ना आवाज. आणि ओट्यावरची आबांची जागा रिकामी.

अशा घरी कोणी काही विचारत नाही. भटूनेही विचारलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, दूध न घालताच सायकल हातात धरून कोपऱ्यावर गेला, आणि चहाच्या टपरीवर म्हणाला, "सुपडू आबांचं काही खरं दिसत नाही."

टपरीवरच्या एकाने खात्री करायला आबांना फोन लावला. फोन बंद! आबांचा फोन दहा वर्षांत कधी बंद नव्हता. मग खात्री पटायला काय उशीर? अर्ध्या तासात गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आबांचा फेटा बांधलेला फोटो हात जोडल्याच्या चिन्हांसह झळकला, आणि तिथून भडगावच्या नातेवाइकांकडेही गेला. योगराजने परीक्षेसाठी स्वतःचाही फोन बंद करून ठेवला होता.

माणसं येऊ लागली. एकेक जण यायचा, कोपऱ्यावरच चपला काढायचा, योगराजला हात जोडायचा आणि खाली मान घालून सतरंजीवर बसायचा. सतरंजीही कोणीतरी स्वतःच आणून अंथरली होती. योगराजला भरून आलं. पोरीच्या परीक्षेसाठी गल्लीने एवढं करावं? त्याने डोळे पुसले. ते पाहून दोघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धीर धर, योगराज," एक जण पुटपुटला.

"धरलाय. आता दोन तासांचाच प्रश्न आहे."

"बाहेरगावचे यायचे असतील ना?"

"छे! बाहेरचं कोणी नको. एकदा पार पडलं की सुटलो."

विचारणाऱ्याने शेजारच्याकडे पाहिलं. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं दोघांनी नजरेनेच ठरवलं.

मग वना आला. गल्लीत कोणाच्याही घरी असा प्रसंग आला की सगळं सामान वनाच बघायचा. त्याने योगराजच्या कानात सांगितलं, "तू कशात लक्ष घालू नको. सगळं माझ्याकडे."

"तुझे उपकार कसे फेडू, वना?"

"माणूसच माणसाच्या कामाला येतो." असं म्हणून वना बांबू आणायला गेला.

प्रमिलाबाईंना मागच्या दारी वेगळाच अनुभव येत होता. शेजारणी डबे घेऊन येत होत्या. पिठलं, भाकरी, खिचडी. "चूल पेटवू नका, आम्ही आहोत," असं म्हणून जी ती पाठीवरून हात फिरवी. प्रमिलाबाई केळ्यांना कंटाळलेल्या होत्या. त्यांनी कोणालाही नाही म्हटलं नाही. दारामागे उभ्या राहून त्यांनी भाकरीचा पहिला घास घेतला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पिठल्यात मिरची जास्त होती.

आत मोहिनीची परीक्षा सुरू झाली होती. दोन कंपन्यांमधल्या कराराचा मसुदा तपासायचा होता. बाहेर पन्नासेक माणसं असूनही टाचणी पडली तर ऐकू यावी. अर्धा पेपर सुरेख झाला.

आणि गल्लीच्या तोंडाशी भडगावची जीप थांबली.

जीपमधून बेबाबाई उतरल्या. या आबांच्या धाकट्या बहीण. सोबत सात-आठ बाया. गल्लीत पाऊल टाकताच त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढला आणि हंबरडा फोडला, "मन्हा भाऊ रेऽऽ! माले सोडीसन कोठे गया रेऽऽ!"

मोहिनीच्या स्क्रीनवर लाल पट्टी चमकली. आवाज आढळला. इशारा पहिला.

योगराज सतरंजीवरून ताडकन उठून धावला. "आत्या! आत्या, हळू! पोरीची परीक्षा सुरू आहे!"

"बाप मरना आनि तुले परीक्षा दखास?" बेबाबाईंनी त्याला असा ढकलला की तो दोन माणसांच्या मांडीवर जाऊन बसला. कोणाचा बाप, हे विचारायला त्याने तोंड उघडलं, तोवर आत्या घरात शिरली होती. आबा कुठे दिसेनात म्हणून तिने समोर दिसलेली पहिली बंद खोली उघडली आणि खुर्चीवर बसलेल्या मोहिनीला मागून मिठी मारली.

"मोहिनी वं माय! तुना आबा गया वं!"

खोलीत अन्य व्यक्ती आढळली. इशारा दुसरा.

मोहिनीचे खांदे बेबाबाईंच्या मिठीत होते. मनगटं तेवढी मोकळी होती. सुरू असलेलं रडणं पहिल्या इशाऱ्यातच धरलं जात होतं, पण नजर हलवली तर तिसरा इशारा, बोलली तर तिसरा इशारा. ती तेराव्या कलमाखाली दुरुस्ती टाइप करत राहिली. बेबाबाईंचे अश्रू तिच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होते.

इकडे मळ्यात आबांच्या कानावर आलं होतं, की योगराजच्या घरी कोणीतरी गेलं. कोण, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सून? नात? की योगराजच? मिळेल त्या बैलगाडीने, मग रिक्षाने ते घरी पोचले. दारात गर्दी, पांढरे कपडे. कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. ते हुंदका आवरत सतरंजीच्या टोकाला बसले. शेजारच्याने मान खाली ठेवूनच त्यांचा हात दाबला. आबांनीही दाबला.

आतून बेबाबाईंचा आवाज येत होता, "मन्हा एकुलता एक भाऊ रेऽऽ!"

बेबाला भाऊ एकच, आणि तो कोण, हे लक्षात यायला आबांना थोडा वेळ लागला. तेवढ्यात वना हातगाडीवर बांबू घेऊन आला.

"हाई कोनासाठे रे, वना?" आबांनी विचारलं.

वनाला खोटं बोलायची सवय नव्हती. "तुमच्यासाठी, आबा," तो म्हणाला, आणि मग त्याने पाहिलं की आपण कोणाशी बोलतोय.

सतरंजीवरच्या पन्नास माना एकदम वर झाल्या. आबा उठले, जिना चढल्यासारखे दाणदाण पाय टाकत घरात घुसले आणि मोहिनीच्या खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "बेबा" म्हणून गर्जना करणार, तोच योगराजने मागून झडप घालून त्यांचं तोंड दाबलं.

बेबाबाईंनी मान वळवली. मेलेला भाऊ उभा होता आणि भाचा त्याचं तोंड दाबत होता. मिठी सुटली. त्या आवाज न करता खाली बसल्या आणि तशाच बसत बसत खोलीबाहेर सरकल्या.

त्यानंतरची पंधरा मिनिटं त्या घरात मुंगीसुद्धा चवड्यांवर चालली असेल. मोहिनीने पेपर पूर्ण करून पाठवला, लॅपटॉप मिटला आणि मगच ती रडली.

गल्लीने समजूतदारपणा दाखवला. बांबू वनाने मंडपवाल्याला देऊन टाकले. डबे मात्र कोणी परत मागितले नाहीत. राग धरला तो एकट्या आबांनी, आणि तोही बेबाबाईंवर नव्हे.

"बेबा तरी रडनी," ते प्रमिलाबाईंना म्हणाले, मोहिनीला ऐकू जाईल असं. "सख्खी नात. कानापाशी सांगतात, आबा गया. मान वळाई का? नही. बोटं चाली राहिनी, टक टक टक."

"आबा, पण तुम्ही मळ्यात होता हे मला माहीत होतं," मोहिनी म्हणाली.

"मळामा मानूस मरत नही?"

तेव्हापासून आबांनी तिच्याशी बोलणं सोडलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आठवडाभरातच फर्मची मेल आली. परीक्षेत दोन इशारे नोंदले आहेत, तरी मुलाखतीस हजर राहावे. योगराजने ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा वाचलं. या वेळी त्याने घरात कसलाही बंदोबस्त केला नाही. कुकर, टीव्ही, खोकला, सगळं चालू ठेवायचं, म्हणजे गल्लीला कळेल की सगळे हयात आहेत. फक्त मोहिनीच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

स्क्रीनवर दोघे होते. ऋतिका मॅडम आणि फर्मचे वरिष्ठ वकील भूपेंद्र सर. थोडा वेळ इंग्रजीत कायद्याचं झालं. मग सरांनी चष्मा काढला.

"मराठीत बोलू. आम्ही तुमचं रेकॉर्डिंग पाहिलं. एक बाई रडत येऊन तुमच्या गळ्यात पडतात. कोणीतरी गेल्याचं सांगतात. कोण होतं?"

"माझे आजोबा, सर."

"आणि तुम्ही तेरावं कलम दुरुस्त करत राहिलात! ऋतिका, हे असं माणूस मी वीस वर्षं शोधतोय. आमच्या क्षेत्रात हीच निष्ठा लागते."

सर इतके खूश होते, की मोहिनीने नुसती मान हलवली असती तरी जागा पक्की होती. तिने मान हलवायला सुरुवातही केली. पण बाहेर टीव्हीसमोर एक म्हातारा माणूस आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हता.

"सर, ते गेले नव्हते," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"कसं?" मॅडमनी विचारलं. "त्या बाई तर एवढ्या रडत होत्या."

"सगळं ऐकीव होतं, मॅडम. दूधवाल्यापासून आत्याआजीपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार एकही नव्हता. आबांना जाताना मी स्वतः पाहिलं होतं, चांगले भांडत गेले. आणि सर, ते खरंच गेले असते तर मी लॅपटॉप तिथेच बंद केला असता. पेपर गेला असता तर गेला असता."

सरांचा चेहरा उतरला. मॅडम काही बोलणार, तोच दार धाडकन उघडलं. टीव्ही केव्हाचा बंद झाला होता, हे मोहिनीच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बंद करती?" आबा गरजले. "मी मरसू तरी पेपर सोडानं नही, समजनं?" मग त्यांनी स्क्रीनकडे वाकून हात जोडले. "साहेब, ती काहीबी बोलते. पोर आहे. तुम्ही मनावर घेऊ नका."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. सरही हसले, आणि म्हणाले, "आबा, नातीला एक जूनला मुंबईला पाठवा."

"पाठवतो. पण तुमच्याकडे घरात कोणी वारलं तर सुट्टी किती?"

"तीन दिवस."

"तीन? दहावं कसं करील ती? तेरा करा."

"आबा, इंटर्नशिपच एका महिन्याची आहे. तेवढ्यात कशाला काही होईल?"

"माझं काय सांगता येतं? मागच्या रविवारी एकदा झालंच होतं."

थोड्या वेळाने आबा खोलीबाहेर आले तेव्हा योगराज दाराशीच घाम पुसत उभा होता.

"दहावर आणलं," आबा विजयाने म्हणाले. "तो तीन सोडत नव्हता."

"काय दहावर? पोरीचं काय झालं, आबा?"

"तिचं होई गयं ना," आबा म्हणाले. "त्याशिवाय सुट्टी कशाची मागू?"