दीप्ती मेश्राम कोन?

प्रेमलाल मेश्रामनं पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोपासून एकच गोष्ट लपवायची ठरवली, आणि ती नेमकी बायकोचीच निघाली.

झालं काय, बालाघाटला त्यांच्या वॉर्डात बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं. दीप्तीनं तिथं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली आणि फॉर्मवर रिपोर्टसाठी नवऱ्याचा मोबाईल नंबर दिला. (तिच्या फोनवर फक्त बोलता येई, स्क्रीनची रांगोळी झाली होती.) गुरुवारी भरदुपारी ऑफिसात प्रेमलालच्या फोनवर रिपोर्ट येऊन पडला. सगळा इंग्रजी. त्यातला एकच शब्द त्याला धड कळला, अ‍ॅबनॉर्मल. खाली सूचना होती, गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवून घ्या.

त्यानं त्या शब्दाचा अर्थ फोनलाच विचारला. फोननं सात आजार, दोन भयंकर फोटो आणि एक विम्याची जाहिरात दाखवली. त्या दुपारी प्रेमलालनं एका शिपायाच्या रजेच्या अर्जावर 'अ‍ॅबनॉर्मल' असा शेरा मारून खाली सही ठोकली. (साहेबांनी रजा मंजूर केली.)

संध्याकाळपर्यंत त्याचं ठरलं. दीप्तीला इतक्यात सांगायचं नाही. मोठ्या मॅडम फक्त मंगळवारी बसतात. आधी आपण एकट्यानं जाऊन विचारायचं, मग बघू. त्यानं फोन करून तिच्या नावानं नंबरही लावला.

घरी आता दोघंच. लेक मयुरी शिकायला जबलपूरला. घरात आवाज म्हणून जो काही होता तो दीप्तीचाच. ती कुकरला बोलायची, टीव्हीतल्या सासूला बोलायची, आणि वेळ उरला की प्रेमलालला बोलायची. पण त्या गुरुवारपासून घर मुकं झालं. शुक्रवारी प्रेमलालनं स्वतः चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ पडलं. दीप्ती पूर्ण कप प्याली आणि म्हणाली, "चांगला झाला." त्यानं आपल्या कपातला घोट घेतला आणि तो घाबरला. शनिवारी तिनं कोंबडीचा रस्सा केला आणि दोन्ही तंगड्या त्याच्याच ताटात वाढल्या. तो आणखी घाबरला.

रविवारी त्यानं मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. या एका टॉवेलावरून त्यानं आजवर जे ऐकून घेतलं होतं ते लिहून काढलं असतं तर ऑफिसातलं एक कपाट भरलं असतं. टाकला आणि दाराआड उभा राहिला. दीप्ती आली. टॉवेल उचलला, झटकला, दोरीवर वाळत घातला. एक शब्द नाही. एकदा, फक्त एकदा तिनं 'डोस्कं ठिकानावर हाय का तुमचं?' म्हणावं म्हणून त्याचा जीव तळमळला. बायको चार हातांच्या अंतरावर उभी होती आणि त्याला तिची आठवण येत होती.

सोमवारी जेवताना तो म्हणाला, "उद्या मले ऑफिसच्या कामानं गोंदियाले जा लागते."

"जा ना," दीप्ती ताटाकडं बघत म्हणाली, "मी बी रामपायलीले जाऊन येईन म्हनते. आईची लय याद येऊन राह्यली."

मंगळवारी गोंदियाच्या दवाखान्यात वीस-बावीस बायका, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसलेला प्रेमलाल. (पेपर उलटा आहे हे एका गर्भवतीनं त्याला दोनदा सांगितलं.) आतून सिस्टरनं हाक मारली, "दीप्ती मेश्राम!"

"हौ!" प्रेमलाल ताडकन उठला.

"हौ!" दाराजवळच्या बाकावरून आणखी एक बाई उठली.

सिस्टर यादी बघून वैतागली. "नाव दोनदा कोनं लिहिलं? दीप्ती मेश्राम कोन? तुमी?"

"हौ... म्हंजे नाही. मी तिचा नवरा होय," प्रेमलाल म्हणाला आणि वळून पाहिलं.

दीप्ती पदर तोंडाला लावून उभी होती.

"तू रामपायलीले गेलती ना?"

"अन् तुमचं ऑफिस इथं भरते का? शिबिरातल्या सिस्टरनं गुरुवारीच फोन करून सांगतलं मले. तुमाले सोसनार नाही म्हनून नाही बोलली."

"मले बी गुरुवारीच मालूम झालं. मले वाटलं, तुले सोसनार नाही."

"माझा रिपोर्ट, अन् मलेच नाही सांगतलं? काहून?"

प्रेमलालनं पेपरची घडी घातली. सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या.

मोठ्या मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर झालाय असा नाही. काही पेशी बदलल्यात. मी भिंगातून बघते, बारीकसा तुकडा तपासायला पाठवते. पुढच्या मंगळवारी कळेल."

दीप्ती पडद्याआड गेली. सिस्टरनं प्रेमलालकडं आधार कार्ड मागितलं म्हणून त्यानं दीप्तीची पिशवी उघडली. कार्डासोबत वहीचा घडी घातलेला कागद निघाला. वर लिहिलं होतं, 'मयुरीच्या बाबासाठी'.

'मीठ निळ्या डब्यात, साखर पांढऱ्या. चाखून पाहा. गॅस रात्री खालून बंद करा. मयुरीले दर रविवारी फोन करा, रागवू नोका. ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नोका, आता कोनी उचलनार नाही.'

प्रेमलालनं तो कागद तीनदा वाचला. इतके दिवस ज्या बोलण्यासाठी तो तरसला होता ते सगळं तिनं स्वतःच्या माघारी ऐकायला लिहून ठेवलं होतं. त्यानं तो वर्तमानपत्रात दडवला आणि वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. या खेपेला ते उलटं आहे असं कोणी बोललं नाही.

पुढचे आठ दिवस दोघांनी एकत्र काळजी केली. म्हणजे भांडले. तीनदा चहावरून, एकदा उगाच. दीप्ती एका दुपारी भांडताभांडता रडली, तेव्हा तो भाजी चिरायची सोडून नुसता तिच्याजवळ बसला.

मंगळवारी निकाल आला. बदल हलका होता. असा बदल बहुतेकदा आपोआप जातो, पण वर्षानं न चुकता तपासणी करायची, असं मॅडमनी बजावलं. दीप्तीनं तारीख स्वतः लिहून घेतली.

परतीच्या बसमध्ये मात्र प्रेमलालचा बांध फुटला. दवाखान्याची फाईल छातीशी धरून तो हमसून रडू लागला. फाईलवर हसऱ्या बाळाचा मोठा फोटो होता. राजेगावला चढलेली एक म्हातारी बराच वेळ फाईलकडं, मग त्याच्या पिकलेल्या मिशांकडं बघत राहिली. शेवटी तिनं दीप्तीला हळूच विचारलं, "बाई, या वयात झालं का वो? पोरगा का पोरगी?"

दीप्तीनं नवऱ्याचं नाक पदरानं पुसलं आणि कितीतरी दिवसांनी खदखदून हसली.

"पोरगाच होय मावशी," ती म्हणाली, "हा काय, मांडीले मांडी लावून बसला हाय. पंचवीस वर्षांचा झाला, अजून रांगूनच राह्यला."