हळू बोला, तंगी ऐकतीया

बसाप्पाची गाडी बिघडली, की तो आधी मेस्त्रीला गाडीपासून लांब नेतो. आमच्या उचगावातला रफिक मेस्त्री पाना घेऊन गाडीकडं चाललेला असतो आणि बसाप्पा त्याची बाही धरून त्याला उलट्या दिशेला, पार लिंबाच्या झाडाखाली ओढत असतो. तिथं गेल्यावर तोंडाआड हात धरून, शेजारच्या घरातली भानगड सांगावी तसं सांगतो, "तिसरा गेर पडंना झालाय. मोठ्यानं बोलू नगंस. ऐकतीया ती."

ती म्हणजे गाडी. पांढरी व्हॅन, सरकत्या दाराची.

मी त्याचा शेजारी. चौथी शिकलोय, आणि हयात फाउंड्रीत गेली. वाळूचे साचे केले, त्यात तापलेलं लोखंड ओतलं. त्या फाउंड्रीनं मला पगार दिला आणि खोकला दिला. पगार संपला, खोकला टिकून आहे. एवढं लोखंड हाताखालनं गेलं, पण एका तुकड्यानं कधी कान दिल्याचं मला आठवत नाही. हे मी बसाप्पाला तोंडावर सांगितलं. तर म्हणाला, "दाजी, तुमी त्येच्याशी कवा बोललाच न्हाईसा. मग ते कशाला ऐकंल?"

आता मी काही त्याचा खरा दाजी नव्हे. तो गडहिंग्लजकडचा लिंगायत, आम्ही इथले मराठे. पण तो शेजारी राहायला आला त्या दिवशी आमच्या हौसानं त्याला पिठलं-भाकरी नेऊन दिली. त्यानं तिला अक्का म्हटलं आणि मी फुकटात दाजी झालो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हौसा गेल्या पावसाळ्यात गेली. दाजी मात्र मी अजून आहे.

बसाप्पाचा धंदा स्टीलच्या भांड्यांचा. दर आठवड्याला गाडी भरून गडहिंग्लजच्या बाजाराला जातो. बाकीच्या दिवशी गाडी गल्लीची. कुणाची बाळंतीण न्यायची असो, कुणाला जोतिबाला जायचं असो, बसाप्पा नाही म्हणत नाही. फक्त चढताना दार त्याचं तो लावणार. दुसऱ्यानं आपटलं की कळवळतो.

गाडी त्यानं मलकापूरच्या एका कापडवाल्याकडनं घेतली, वापरलेली. पण 'सेकंडहँड' म्हणायची सोय नाही. "दुसरं घर केलेली हाय ती," असं म्हणतो. "पयल्या घराचं नाव काढू नगा दाजी. बाईमाणसाला लागतंय ते." मागच्या काचेवर कापडवाल्याच्या दोन्ही पोरांची नावं होती, ती त्यानं ब्लेडनं खरवडून काढली. त्याच्याखाली त्यांच्या कुलदैवताचं नाव होतं, ते ठेवलं. देव दोन्ही घरचा चालतो, म्हणे.

त्या गाडीच्या तक्रारी मी सांगतो. मला तिची भीती नाही. एक तर इंजिन पुढच्या शिटाखाली. गडहिंग्लजपर्यंत गेलात की बूड भाकरीसारखं शेकून निघतं. हँडब्रेक नावाला. चढावर थांबलं की चाकाला दगड लावायचा. तो दगड गाडीतच असतो आणि खंडेनवमीला गाडीच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. सरकतं दार पाहिजे तेव्हा सरकत नाही आणि नको तेव्हा सरकतं. एकदा भर रस्त्यात आपोआप उघडलं आणि पातेल्यांची एक चळत खाली उतरून गटारीकडं चालायला लागली. बसाप्पानं गाडी थांबवली, पातेली गोळा केली आणि गाडीला काय म्हणावं? "उकडालं व्हय गं?"

आणि पेट्रोलचा वास. हौसा दर वेळी म्हणायची, "बसाप्पा, वास येतोय बघ." हा पुढनं मान वळवून हळूच सांगायचा, "अक्का, घाम आलाय तिला." वास जावा म्हणून सकाळी तो गाडीत उदबत्ती लावायचा. त्या उदबत्तीचं पुढं सांगतो.

एक मात्र आहे. वाईट असलं तर तो झाडाखाली कुजबुजतो, पण चांगलं असलं तर दम धरत नाही. रफिकनं नुसतं म्हणावं, "काय नाही, नट ढिला होता," की बसाप्पा झाडाखालनंच अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "ठणठणीत हाय! तंगी ठणठणीत हाय!" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्याचा आवाज ऐकून आमच्या घरात हौसा म्हणायची, "सुटली बिचारी."

ही गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यातली. एके दिवशी सकाळी गल्लीत एक टोपीवाला गृहस्थ उभा राहिला. मलकापूरचा तो कापडवाला. मी त्याला ओळखत नव्हतो, पण बसाप्पानं त्याला लांबनंच बघितलं आणि हातातली परात टाकून पळत आला.

"पावणं, भिंतीच्या आड या की! आदी आड या!"

"का? काय झालं?"

"तुमाला बघितलं तर आज चालू व्हायची न्हाय ती."

"कोण?"

"या की ओ तुमी आदी!"

त्याला खांद्याला धरून आमच्या न्हाणीच्या भिंतीआड उभं केलं, आणि भांडी झाकायची ताडपत्री नेऊन गाडीच्या तोंडावर टाकली. कापडवाला माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? मी शेजारी आहे."

त्याचं सांगणं असं, की कंपनीकडनं त्याला निरोप आला होता. कंपनीच्या हिशेबी गाडी अजून त्याचीच. ही गाडी निघाली त्या सालच्या गाड्यांची पेट्रोलची पाईप कच्ची आहे. इंजिनाच्या गरमीनं तडकते. काही गाड्या रस्त्यात पेटल्या. कंपनी फुकट बदलून देणार आहे, रविवारी कोल्हापुरात शिबिर आहे. हे सांगायला भला माणूस एसटीनं आला होता.

"पेटते म्हणजे उभी पेटते बरं का," तो म्हणाला.

"हळू!" बसाप्पानं त्याच्या तोंडावर हातच ठेवला.

चहा पिऊन निघताना कापडवाल्याला राहवलं नाही. त्यानं ताडपत्री उचलली, गाडीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "बरी आहेस का गं?" बसाप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं. सासुरवाडीत बायकोचा जुना ओळखीचा भेटावा तसं. आणि आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, पण त्या सकाळी गाडी खरोखरच चालू झाली नाही. गल्लीनं ढकलली. ढकलताना बसाप्पा मला म्हणाला, "बघितलासा?"

मला वाटलं, रविवारी हा पहिल्या नंबरला जाऊन उभा राहील. तर हा म्हणतो, "शिबिराला न्हाय न्यायची."

"का?"

"डोळ्याचं शिबिर बघितलंया मी. रांगंत हुबं करत्यात, कर्ण्यावर नावं पुकारत्यात. ह्येचा ह्यो दोष, त्येचा त्यो दोष. चारचौघांत. तिनं काय पाप केलंय? रफिककडनं गुपचूप बांधून घीन चिंधी."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी बाजारला जायाचं की. मागच्या सोमवारी गेलतोच नव्हं?"

असं म्हणत त्यानं सवयीनं काडी ओढली आणि गाडीतली उदबत्ती पेटवली.

मी ती उदबत्ती ओढून घेतली, पायाखाली चिरडली आणि त्याला शिव्या दिल्या. आईवरनं नाही, पण त्याच्या अलीकडं जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या. घर एकदा रिकामं झालेलं मी बघितलं होतं. शेजारचंही झालं तर ह्या गल्लीत मला हाक मारणारं कोण उरणार? "अरे लोखंड आहे ते!" मी ओरडलो. "लोखंडाला कान नसतात! लोखंडासाठी जळून मरणार काय तू?" ओरडता ओरडता खोकला आला तो थांबेना. त्यानंच पाणी आणून दिलं.

मग माझ्या पायरीवर बसला. म्हणाला, "ठाव हाय मला, कान नसत्यात त्ये. मी काय खुळा हाय व्हय?"

"मग?"

"दाजी, आमची धाकटी भैन गंगव्वा आजारी हुती तवाची गोष्ट. झोपलीया म्हणून मी आन् डाक्टर खाटंच्या पायथ्याला बोलत हुतो. किती दिस ऱ्हायल्यात, काय, सगळं. झोपली नव्हती ती. दुसऱ्या दिशी वेणी घालायची सोडली तिनं. मी कंगवा घिऊन गेलो, तर म्हणाली, आता कशाला? तवापास्नं जीभच मागं सरतीया, दाजी. कुणाचंबी दुखणं त्येच्याम्होरं बोलवत न्हाय. मग ती गाडी का असंना."

गंगव्वाचं नाव मी ऐकलं होतं. वेणीचं ऐकलं नव्हतं.

आणि मला आमचा दवाखान्यातला दिवस आठवला. तपासणी झाल्यावर हौसाला आम्ही ह्याच गाडीत आणून बसवली. ती मागं, सरकत्या दाराजवळ. तिची ती नेहमीची जागा. मी पुढं. डॉक्टर बोलायला आला, तर बसाप्पानं त्याला बाहीला धरून आवारातल्या उंबराखाली नेलं. मला वाटलं, हा इथं पण सुरू झाला. परत आला तो गप्पच आला. हौसानं मागनं विचारलं, "बसाप्पा, गुळाचा दर काय चाललाय रे?" आणि घर येईपर्यंत हा गुळाचे दर सांगत राहिला. मला त्यानं खरं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, शेतात नेऊन. हौसा शेवटपर्यंत पुढच्या सालच्या सांडग्यांचं ठरवत होती. वेणी रोज घालत होती.

मी बसाप्पाला म्हटलं, "रविवारी गाडी काढ. तिथं कुणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी काचा उघड्या टाकून, उदबत्तीशिवाय गेलो. शिबिरात ही गर्दी. कर्णा होताच. एक जाडा गाडीवाला कंपनीच्या माणसाला विचारत होता, "पाईप ऱ्हाऊ दे, माझं बूड भाजतंय त्येचं काय?" कंपनीचा माणूस सांगत होता, "तो दोष नाही साहेब, ती गाडीची रचना आहे." जाडा म्हणाला, "मग माझीबी रचनाच हाय ही!" सगळे हसले. बसाप्पा हसला नाही. तो गाडीला टेकून उभा होता.

मी निळा डगला घातलेल्या मेस्त्रीला गाठलं. म्हटलं, "काम कर, तोंड उघडू नको. काय सांगायचं ते ह्या माणसाला त्या गुलमोहराखाली नेऊन सांग."

"का हो आजोबा?"

"पेशंट हळवा आहे."

त्यानं गाडीकडं बघितलं, मग हात जोडून उभ्या असलेल्या बसाप्पाकडं बघितलं. हसू आलं त्याला, पण मान हलवली. त्यानं कर्णेवाल्यालाही खूण केली. आमची गाडी न पुकारताच आत गेली.

"दाजी, तुमी तिच्याजवळ थांबा," बसाप्पा म्हणाला. "परक्यांत एकटी नगं."

पुढचं शीट उचलून ठेवलं होतं. मेस्त्रीचं काम आटपलं तसा मी मागं जाऊन बसलो, हौसाच्या जागेवर. ती गेल्यावर पहिल्यांदाच. मेस्त्री बसाप्पाला गुलमोहराखाली घेऊन गेला. त्याच्या हातात जुनी पाईप होती. बसाप्पाची पाठ माझ्याकडं.

त्या जागेवरनं सगळं लख्ख दिसतं. पुढं बसणाऱ्याला दिसत नाही, पण मागं, दाराजवळ बसलं की झाडाखालचा माणूस अगदी समोर येतो. म्हणजे त्या दिवशी हौसालाही दिसला असणार. आणि तो झाडाखालनं ओरडला नाही, हेही तिला ऐकू आलं असणार. म्हणून तर गुळाचा दर तिनं विचारला. त्याला बोलायला काहीतरी पाहिजे होतं ना.

मी दाराचा दांडा धरून बसलो. गाडीचं काय एवढं, असं मनाला सांगत होतो. पण माझी नजर त्या पाठीवरनं हलत नव्हती. गप्प वळून आला तर काय करायचं?

बसाप्पानं ती पाईप हातात घेतली, बोटानं दाबली. ती मधोमध फाटली, ते मला इथनं दिसलं. त्यानं ती घाईघाईनं खिशात कोंबली. मेस्त्री आणखी काहीतरी बोलला. मग बसाप्पा वळला, आणि अख्खं शिबिर दचकेल असा ओरडला,

"दाजी! ठणठणीत हाय! तंगी ठणठणीत हाय!"

कर्णेवाला थांबला. तो जाडा म्हणाला, "कोण तंगी?" मला हसू आलं, हसण्यातनं खोकला आला आणि खोकण्यातनं डोळ्यांना पाणी आलं. खोकल्यानं येतं ते. माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "सुटली बिचारी."

परत येताना पेट्रोलचा वास नव्हता. बूड मात्र भाजत होतं, ती रचना आहे. गाडी सुरात चालली होती आणि बसाप्पा एका हातानं तिला थोपटत होता. उचगाव जवळ आलं तसा म्हणाला, "दाजी, आता मंगळवारी तुमचा त्यो खोकला दावून आणूया."

हे तो हौसा गेल्यापासनं म्हणतोय. दर वेळी मी विचारतो, कुणासाठी दाखवायचा? ह्या वेळी विचारलं नाही.

"दाखवूया," मी म्हटलं. "मी बसतो गाडीत. तू डॉक्टरला झाडाखाली ने."

"व्हय."

"आणि चांगलं असलं तर तिथनंच ओरड. मागच्या शिटावर मला ऐकू येतंय."